गडद बँड म्हणजे थांबलेलं कोफिलिन

फॉस्फो-कोफिलिनचा ब्लॉट पहिल्यांदा पाहणारे बहुतेक विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारतात. "ताई, औषध दिल्यावर बँड गडद झालाय. म्हणजे कोफिलिन जोरात काम करतंय ना?" झालेलं असतं नेमकं उलट. ब्लॉट म्हणजे पेशीतली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवणं आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीने बँडच्या, म्हणजे पट्टीच्या रूपात दाखवणं. इथली अँटीबॉडी फक्त फॉस्फेट चिकटलेलं कोफिलिन, म्हणजे फॉस्फो-कोफिलिन ओळखते, आणि तो बँड काम थांबवलेल्या कोफिलिनचा असतो. पेशी फोडली त्या क्षणी अ‍ॅक्टिनच्या तंतूंवर बसून जे कोफिलिन ते तोडत होतं, ते या अँटीबॉडीला दिसतच नाही. पेशी सरकतात कशा, हा माझ्या कामाचा विषय. त्यामुळे ही अँटीबॉडी सतत माझ्या हाताखाली असते. तिने दिलेलं उत्तर कसं वाचायचं, यावर एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं.

आधी कोफिलिनबद्दल. हे १६६ अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन. वजन साधारण साडेअठरा किलोडाल्टन, त्यामुळे जेलवर ते १९च्या आसपास दिसतं. १९८० साली जेम्स बॅमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूतून अ‍ॅक्टिनचे तंतू मोडणारा एक घटक वेगळा केला, तो एडीएफ. पुढे १९८४मध्ये निशिदा यांच्या गटाने डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड शोधलं, ते कोफिलिन. पेशीला आकार देणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंची जाडी जेमतेम सात नॅनोमीटर. पुढे सरकणाऱ्या पेशीच्या कडेला हे तंतू एका टोकाने वाढत असतात. नव्याने जोडलेल्या अ‍ॅक्टिनला एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य चिकटलेलं असतं, काही वेळाने त्याचं एडीपी होतं आणि तंतूचा तो भाग 'जुना' ठरतो. कोफिलिन शोधून शोधून या जुन्या भागावर जाऊन बसतं. तिथे ते तंतूचा पीळ बदलतं, आणि कोफिलिन बसलेला भाग व मोकळा भाग यांच्या सीमेवर तंतू तुटतो. भिंतीचं मागचं टोक पाडून त्याच विटांनी पुढचं टोक बांधत जावं, तसं हे काम चालतं. पाडणारा थांबला तर थोड्याच वेळात बांधणाऱ्याच्याही विटा संपतात.

यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. कोफिलिन बेताचं असेल तर तंतू तुटतात, पण ते इतकं झालं की सगळा तंतूच त्याने झाकला गेला, तर सीमाच उरत नाहीत आणि तंतू टिकून राहतो. 'कोफिलिन वाढलं म्हणजे अ‍ॅक्टिन मोडलं' असं सरळ गणित इथे चालत नाही. तेव्हा पेशीत कोफिलिन किती आहे एवढं कळून भागत नाही. त्यातलं कामावर किती, आणि ते कुठे आहे, हेही विचारावं लागतं.

कामावर असणं-नसणं ठरतं तिसऱ्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर. तिथे फॉस्फेट बसलं की कोफिलिन अ‍ॅक्टिनला धरू शकत नाही. हे फॉस्फेट लिम कायनेज हे एन्झाइम बसवतं, हे १९९८मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं. ते काढून टाकणारी दोन मुख्य एन्झाइमं म्हणजे स्लिंगशॉट आणि क्रोनोफिन. लिम कायनेजला चालना मिळते ती एकीकडून रो आणि रॉक या संदेशवाहक प्रथिनांच्या साखळीतून, दुसरीकडून रॅक आणि पॅक यांच्या साखळीतून. पेशीला ताण देणारा संदेश आणि पेशीला पसरवणारा संदेश, दोन्ही शेवटी याच सेरीनपाशी येऊन पोचतात. म्हणून तर ही जागा पाहणारी अँटीबॉडी इतकी मोलाची.

पण ती पाहते काय? अशी अँटीबॉडी करताना सशाला सबंध कोफिलिन टोचत नाहीत. सुरुवातीच्या दहा-बारा अमिनो आम्लांचा, सेरीनवर फॉस्फेट असलेला तुकडा बनवतात, तो एका मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात आणि मग टोचतात. मिळालेल्या रक्तद्रवातून फॉस्फेट नसलेल्या तुकड्यालाही चिकटणाऱ्या अँटीबॉडी गाळून टाकल्या जातात. जे उरतं ते या इवल्याशा टोकाला आणि त्यावरच्या फॉस्फेटला ओळखतं. बाकीच्या दीडशेहून जास्त अमिनो आम्लांशी त्याचं देणंघेणं नसतं.

याचा एक परिणाम डबीवरच्या लेबलवरून सहज लक्षात येत नाही. कोफिलिन-१, स्नायूंमधलं कोफिलिन-२ आणि एडीएफ या तिघांचीही सुरुवातीची पाच अमिनो आम्लं तंतोतंत सारखी आहेत : मेथिओनिन, अ‍ॅलनिन, सेरीन, ग्लायसिन, व्हॅलिन. लांबी १६५ किंवा १६६. साध्या जेलवर ती एकमेकांपासून वेगळी होण्याची आशाच नको. म्हणजे लेबलवर फॉस्फो-कोफिलिन लिहिलं असलं तरी बँडमध्ये सबंध घराणं येऊ शकतं. ज्या पेशींमध्ये कोफिलिन-१चंच राज्य आहे तिथे याने फारसं बिघडत नाही. चेतापेशींमध्ये मात्र एडीएफही बऱ्यापैकी असतं. तिथे निष्कर्षाच्या वाक्यात नुसतं 'कोफिलिन' लिहिताना माझा हात अडखळतो. 'एडीएफ/कोफिलिन' असं लिहिणं अधिक प्रामाणिक वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या मते या ब्लॉटचं भवितव्य पहिल्या मिनिटाच्या आतच ठरतं, अँटीबॉडीची बाटली उघडण्याच्या कितीतरी आधी. फॉस्फेट टिकाऊ नाही. पेशी फोडली की फॉस्फेट बसवणारं कायनेज आणि ते काढणारं फॉस्फटेज दोघंही मोकाट सुटतात, आणि कायनेजला लागणारं एटीपी विरळ होऊन जात असल्यामुळे पारडं फॉस्फटेजकडे झुकतं. त्यात स्लिंगशॉटला अ‍ॅक्टिनच्या तंतूंनीच चेव येतो. सौम्य डिटर्जंटमध्ये तंतू शाबूत राहिले तर बर्फावर ठेवलेल्या नळीतही त्याचं काम थोडंफार चालूच राहू शकतं. नेहमीच्या मिश्रणातलं ऑर्थोव्हॅनाडेट मुख्यतः टायरोसीनवरच्या फॉस्फटेजना रोखतं. सेरीनसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट लागतात. क्रोनोफिन तर तिसऱ्याच घराण्यातलं एन्झाइम. ते ओकाडाइक आम्ल या फॉस्फटेजच्या अवरोधकालाही दाद देत नाही.

म्हणून मी अवरोधकांच्या भरवशावर राहत नाही. माध्यम ओतून टाकते, बर्फाच्या थंड बफरने एकदा झटकन धुते, आणि उकळता एसडीएस (प्रथिनं उलगडणारा तीव्र डिटर्जंट) असलेला सॅम्पल बफर थेट डिशवर ओतते. एन्झाइमं तिथल्या तिथे उलगडून निकामी होतात. लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्रव, डीएनएमुळे चिकट होतो, सुईतून ओढून किंवा सोनिकेट करून तो पातळ करावा लागतो, प्रथिनाचं मोजमापही एसडीएस चालणाऱ्या पद्धतीने करावं लागतं. एवढा त्रास सोसायला माझी तयारी आहे. मी काही झालं तरी टाळते ती गोष्ट म्हणजे ट्रिप्सिनने पेशी सुटवून, सेंट्रीफ्यूज करून मग फोडणं. चिकटलेली पेशी सुटली की गोल होते, तिचा सगळा अ‍ॅक्टिनचा सांगाडा नव्याने मांडला जातो. आपल्याला मोजायचं असतं डिशवर पसरलेल्या पेशीतलं कोफिलिन, आणि मोजलं जातं जमिनीवरून उपटलेल्या पेशीतलं. अनेक प्रथिनांसाठी तो फरक चालून जातो. सांगाड्याच्या प्रथिनांसाठी तो प्रयोगाच्या मुळावरच येतो.

जेल १५ टक्क्यांचं. मेम्ब्रेन ०.४५ नव्हे तर ०.२ मायक्रोमीटर छिद्रांची, कारण इतकं लहान प्रथिन लांबलेल्या ट्रान्सफरमध्ये मेम्ब्रेन ओलांडून पलीकडे निघून जातं. बँड फिका आला की लोक अँटीबॉडीला दोष देतात. अशा वेळी मागे दुसरी मेम्ब्रेन ठेवून ट्रान्सफर करून पाहावी. प्रथिन कुठे गेलं ते लगेच कळतं.

ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला, दूध की बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), यावर प्रयोगशाळांमध्ये फार ठाम मतं असतात. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं असतं, म्हणून फॉस्फो-अँटीबॉडीसाठी ५ टक्के बीएसए आणि फॉस्फेटचा बफर टाळून टीबीएसटी, हा सर्वसाधारण सल्ला मीही पाळते. पण दूध वापरलं म्हणजे ब्लॉट रद्द, असं मी मानत नाही. काही अँटीबॉडी दुधात उलट स्वच्छ बँड देतात. दोन पट्ट्या शेजारी शेजारी चालवून एकदा पाहिलं की वाद संपतो. एक पथ्य मात्र पक्कं. पुन्हा वापरायला ठेवलेल्या अँटीबॉडीत सोडियम अझाइड असेल तर ते सेकंडरीजवळ, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला चिकटणाऱ्या, एचआरपी हे एन्झाइम जोडलेल्या दुसऱ्या अँटीबॉडीजवळ, येता कामा नये. अझाइड त्या एन्झाइमचा घात करतं.

यानंतरचा भाग माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा : हा बँड खरंच त्या फॉस्फेटचा आहे, हे कशावरून?

योग्य वजनावर बँड आला, एवढ्यावर लोक समाधान मानतात. पेशीत त्या वजनाची इतर प्रथिनं काही कमी नाहीत. मी तीन वेगवेगळ्या बाजूंनी विचारते. पहिली बाजू फॉस्फेटची. एकाच लायसेटच्या दोन लेन वेगळ्या कापून त्यातल्या एका पट्टीला लॅम्डा फॉस्फटेज द्यायचं, दुसरीला नुसता बफर. उकळत्या एसडीएसमध्ये केलेल्या लायसेटमध्ये हे एन्झाइम जगत नाही, म्हणून मी ते मेम्ब्रेनवरच करते. फॉस्फो-बँड पुसला जायला हवा आणि एकूण कोफिलिनचा बँड जागच्या जागी राहायला हवा. दुसरी बाजू प्रथिनाची. एसआयआरएनएने कोफिलिन कमी केलेल्या किंवा क्रिस्परने जनुक काढलेल्या पेशींमध्ये दोन्ही बँड उतरायला हवेत. फॉस्फो-बँड अर्धवटच उतरला तर एडीएफची आठवण ठेवायची. कोफिलिन कमी झालेल्या पेशी ओळखूही येतात. त्यांच्यात अ‍ॅक्टिनचे जाड जुडगे साचतात आणि विभाजन अडल्याने बऱ्याच पेशींमध्ये एकाहून जास्त केंद्रकं दिसतात. तिसरी बाजू जीवशास्त्राची. रॉक अडवणारं वाय-२७६३२ किंवा लिम कायनेजचा अवरोधक दिला की फॉस्फो-बँड फिका व्हावा. उपाशी ठेवलेल्या पेशींना लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल देऊन रो जागं केलं की बऱ्याच पेशींमध्ये तो गडद व्हावा.

तिघांची साक्ष जुळली की मला झोप लागते. एकाच साक्षीवर लिहिलेले निष्कर्ष मी वाचते तेव्हा नियंत्रणाच्या लेन कुठे आहेत ते आधी शोधते.

आणि मग मोजणी. 'फॉस्फो भागिले एकूण' हे गुणोत्तर सगळीकडे छापलेलं दिसतं. कोफिलिनच्या बाबतीत ते भलतंच फसवं ठरू शकतं. पेशीत कोफिलिन मुबलक असतं. वीस मायक्रोग्रॅम लायसेट भरलं तर फॉस्फो-बँड आत्ता कुठे नीट दिसायला लागलेला असतो आणि एकूण कोफिलिनचा बँड संपृक्त होऊन काळाठिक्कर पडलेला असतो. संपृक्त बँड वाढत नाही, घटत नाही. त्याने भागलं काय आणि न भागलं काय, सारखंच. पाच, दहा, वीस अशा चढत्या मात्रा भरून दोन्ही अँटीबॉडींची सरळ रेषा कुठपर्यंत टिकते ते बघितल्याशिवाय मी आकडा काढत नाही. बहुधा दोन्हींसाठी वेगवेगळ्या मात्रेचे ब्लॉट करावे लागतात. एकच मेम्ब्रेन स्ट्रिप करून पुन्हा वापरली तर पहिली अँटीबॉडी पूर्ण गेली का, प्रथिनही थोडं निघून गेलं का, हे प्रश्न उरतात, आणि दोन्ही बँड एकाच जागी येत असल्याने नुसतं बघून ते सुटत नाहीत. सशाची फॉस्फो आणि उंदराची एकूण अशी जोडी घेऊन दोन रंगांच्या सेकंडरी वापरणं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

लोडिंग कंट्रोल, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखा माल भरलाय हे दाखवणारं प्रथिन, म्हणून बीटा-अ‍ॅक्टिन लावावं का, हेही मला विचारलं जातं. कोफिलिनने तंतू तुटले तरी एसडीएसमध्ये सगळं अ‍ॅक्टिन सुटं होऊनच येतं, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. तरी ज्या यंत्रणेला मी हलवते आहे तिच्यातलंच प्रथिन मोजपट्टी म्हणून घ्यायला मला आवडत नाही. शिवाय सुट्या अ‍ॅक्टिनच्या प्रमाणावर अ‍ॅक्टिनचं स्वतःचं जनुकही हलतं. मी जीएपीडीएच हे साखर मोडणारं एन्झाइम घेते, किंवा मेम्ब्रेनवरच्या एकूण प्रथिनाचा रंग.

सूक्ष्मदर्शकाखाली हीच अँटीबॉडी आणखी वेगळं बोलते. इथे बहुतेकांची पहिली इच्छा असते फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन रंगवायचं, शेजारी कोफिलिन रंगवायचं आणि दोन्ही कुठे जुळतात ते पाहायचं. फॅलॉइडिन हे अ‍ॅमॅनिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीतलं द्रव्य, अ‍ॅक्टिनच्या तंतूंना घट्ट चिकटतं. पण कोफिलिनने पीळ बदललेल्या तंतूवर त्याला जागा मिळत नाही. म्हणजे जिथे कोफिलिन सगळ्यात दाट बसलंय, नेमकं तिथेच फॅलॉइडिनचा रंग मावळतो. चित्र पाहणारा म्हणतो, 'कोफिलिन अ‍ॅक्टिनवर नाहीच.' ते अ‍ॅक्टिनवरच असतं. झाकलेलं अ‍ॅक्टिन फॅलॉइडिनला दिसत नाही, एवढंच.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे कोफिलिन-अ‍ॅक्टिनच्या कांड्या. चेतापेशींचं एटीपी तोडलं, म्हणजे अझाइड आणि डीऑक्सिग्लुकोज दिलं, की त्यांच्या शाखांमध्ये सरळ, जाड कांड्या तयार होतात. त्यांत कोफिलिन आणि अ‍ॅक्टिन साधारण एकास एक असतं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही अशा रचना आढळल्या आहेत, म्हणून त्यांच्यावर इतकं काम होतं. या कांड्या एकूण कोफिलिनच्या अँटीबॉडीने लखलखीत दिसतात. फॅलॉइडिनने दिसत नाहीत. आणि फॉस्फो-कोफिलिनच्या अँटीबॉडीनेही दिसत नाहीत, कारण त्यातलं कोफिलिन फॉस्फेट उतरवलेलं, कामावरचं आहे. एकच रचना, तीन रंग, त्यातला एकच उमटतो. ज्याच्याकडे फक्त फॉस्फो-अँटीबॉडी आणि फॅलॉइडिन आहे, त्याच्या दृष्टीने ती पेशी निरोगी. मी हे चित्र नव्या मुलांना मुद्दाम दाखवते.

केंद्रकातल्या रंगाबद्दलही थोडं थांबून विचार करावा लागतो. फॉस्फो-अँटीबॉडी केंद्रकात उगाचच चिकटतात असा अनुभव असल्याने तो रंग पार्श्वभूमी म्हणून सोडून देण्याकडे कल असतो. कोफिलिनच्या साखळीत मात्र केंद्रकात जाण्याचा परवाना खरोखरच आहे, लायसीन-आर्जिनिनचा एक छोटा पट्टा, आणि अ‍ॅक्टिनही त्याच्याच सोबतीने केंद्रकात जातं. उष्णतेचा ताण दिलेल्या पेशींच्या केंद्रकात कोफिलिनसह अ‍ॅक्टिनच्या कांड्या दिसतात, हे १९८७पासून माहीत आहे. तेव्हा तो रंग खरा की खोटा हे कोफिलिन काढून टाकलेल्या पेशींनाच विचारावं. शिवाय पेशी कशा स्थिर केल्या तेही पाहावं. मेथॅनॉल वापरलं तर काही अँटीबॉडींना त्यांची जागा अधिक मोकळी मिळते, पण फॅलॉइडिन त्या पेशींवर निरुपयोगी होतं. ब्लॉटवर उत्तम चालणारी अँटीबॉडी इथे पार मुकी निघू शकते. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, इथे घडी घातलेलं, शेजाऱ्यांना बिलगलेलं.

बाजारात मिळणाऱ्या अँटीबॉडींची एकंदर अवस्था काळजी करण्याजोगी आहे. २०१५मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभरहून जास्त सह्यांनिशी जनुकीय क्रम माहीत असलेल्या, पुन्हा तशाच बनवता येणाऱ्या अँटीबॉडींची मागणी केली. २०२३मध्ये ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ अँटीबॉडी जनुक काढलेल्या पेशींवर तपासणारा मोठा अभ्यास आला आणि त्यातही सशक्त ठरल्या त्या रिकॉम्बिनंट. सशाच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण, तो ससा संपला की संपते. नवी बाटली म्हणजे नवा ससा. म्हणून मी वहीत नुसता कॅटलॉग क्रमांक लिहीत नाही, लॉट क्रमांकही लिहिते, आणि नवा लॉट आला की जुन्याचं शेवटचं थोडं राखून दोन्ही एकाच ब्लॉटवर लावते.

सध्या मी ज्याच्या मागे आहे ते सांगते. फॉस्फो-बँड दुप्पट झाला, म्हणजे कोफिलिनचा किती हिस्सा बंद पडला? दोन टक्क्यांचे चार झाले की चाळीसचे ऐंशी? पेशीच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि फॉस्फो-अँटीबॉडी एकटी तो सांगू शकत नाही. पूर्वी यासाठी द्विमितीय जेल करत, फॉस्फेटवालं कोफिलिन आम्लाच्या बाजूला सरकतं. आता फॉस-टॅग जेल आहे, २००६मध्ये हिरोशिमाच्या किनोशिता यांच्या गटाने मांडलेलं. जेलमध्ये मिसळलेला धातूयुक्त रेणू फॉस्फेटला धरून ठेवतो, त्यामुळे फॉस्फो-कोफिलिन मागे रेंगाळतं आणि साधं पुढे जातं. मग एकूण कोफिलिनची एकच अँटीबॉडी लावायची. दोन बँड येतात, दोन्ही त्याच अँटीबॉडीने, त्याच लेनमध्ये, आणि टक्केवारी थेट काढता येते. नमुन्यात ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) नको, ट्रान्सफरच्या आधी मात्र जेल ईडीटीएत भिजवून धातू काढायचा, नाहीतर प्रथिन जेलमधून बाहेरच येत नाही. वरचा बँड खरंच फॉस्फोचा आहे का, हे दाखवायला शेजारच्या प्रतीवर मी तीच जुनी फॉस्फो-अँटीबॉडी लावते.